मुलींची निवासी शाळा, धडगाव तालुका, नंदुरबार जिल्हा : बांधकामाच्या नोंदी

२८ सप्टेंबर २०२२

ग्रामसभेत ठराव झाला. पाड्याच्या वरच्या अंगाला, मोहाच्या दोन जुन्या झाडांलगतची जागा शाळेला द्यायची. जमीन वनखात्याकडची आहे, त्यामुळे कागद पक्के हवेत. २००६ च्या वनहक्क कायद्यातलं कलम ३(२) इथे कामाला येतं. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याचं पाणी, रस्ता अशा सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. मात्र सोय सरकारी व्यवस्थापनातली असली पाहिजे. म्हणून इमारत बांधायची आमच्या संस्थेनं आणि पूर्ण झाली की जिल्हा परिषदेच्या स्वाधीन करायची, असं पहिल्यापासून ठरवलं आहे. मला ते योग्यच वाटतं. संस्था येतात आणि जातात, सरकारी शाळेच्या हजेरीपटावर नाव चढलं की ते कोणाला सहज पुसता येत नाही.

मोहाची झाडं दोन घरांची आहेत. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचतात, त्यावर त्या घरांचे चार पैसे होतात. नकाशातली पूर्वेकडची भिंत दहा फूट आत घेतली. झाडं राहतील.

६ ऑक्टोबर २०२२

आज आराखड्यावर बसलो. देणगीदारांना वर्ग आधी हवेत, कारण फोटोत वर्ग दिसतो. मी अडून बसले आणि शेवटी ऐकलं गेलं: आधी पाणी, मग न्हाणीघरं आणि संडास, मग झोपायची खोली, मग बाईंची राहायची खोली, आणि सगळ्यात शेवटी वर्ग.

कारण सांगते. चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा पाड्यात आहे आणि तिथे मुली मुलांइतक्याच येतात. गळती लागते ती त्यानंतर. शिक्षण हक्काच्या नियमांत सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी. इथली पुढची शाळा दोन नाले ओलांडून पायवाटेनं दीड तासावर आहे, आणि पावसाळ्यात ते नाले मोठ्या माणसालाही ओढून नेतील असे असतात. मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की आई तिला त्या वाटेवर एकटी सोडत नाही, आणि ती आई बरोबरच आहे. वर्गाला भिंत नसली तरी मोहाखाली बसून शिकता येतं. दाराला कडी नसलेल्या शाळेत पाळी आलेली मुलगी राहू शकत नाही. मुलींची शाळा बांधायची म्हणजे मुलींचा मुक्काम बांधायचा, बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

नंदुरबार जिल्ह्यातली स्त्री-साक्षरता २०११ च्या जनगणनेत ५६.४७ टक्के होती, तेव्हा राज्याची ७५.८७. हा जिल्हाभराचा आकडा आहे, त्यात शहादा-नंदुरबारची सपाटीही आली. डोंगरात चित्र याहून बिकट आहे.

वरचा झरा मोजला. पंधरा लिटरची बादली वीस सेकंदांत भरली. शेजारी भांडी घासत बसलेल्या आजी म्हणाल्या, "आत्ता काय मोजते पोरी, होळी झाल्यावर मोज." लिहून ठेवलं.

१७ ऑक्टोबर २०२२

दगडांची लाह लागली. इथल्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांमध्ये ही जुनी रीत आहे. कोणाचं घर शाकारायचं असो की शेत निंदायचं, हाक गेली की घरटी एक माणूस येतं. मजुरी नाही, ज्याचं काम त्यानं जेवण घालायचं. शाळा कोणा एकाची नाही, तेव्हा जेवण कोणी घालायचं यावर कारभाऱ्यांच्या अंगणात बराच वेळ चर्चा झाली. शेवटी प्रत्येक घरानं ज्वारीचं किंवा मक्याचं पीठ दिलं, डाळ संस्थेनं दिली.

पाडा म्हणजे एका जागी गोळा झालेली घरं नव्हेत. प्रत्येक घर आपापल्या शेतात, एका टेकाडावर एक, पलीकडच्या उतारावर दुसरं. हाक एका टेकाडावरून दुसऱ्यावर पोचवत नेतात. सकाळी आठपर्यंत नाल्यात माणसंच माणसं होती. पुरुष पहारीनं दगड सैल करत होते, बाया आणि पोरं डोक्यावरून वर नेत होती. जोत्यापुरता दगड संध्याकाळपर्यंत जागेवर आला. ट्रॅक्टरनं आणायचा म्हटला असता तर नाल्याचं पाणी ओसरायची वाट बघावी लागली असती.

दिवाळीआधीच हे उरकायची घाई का, ते पाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

२ नोव्हेंबर २०२२

अस्तंब्याची यात्रा झाली, दिवाळी झाली आणि मुकादमाच्या गाड्या आल्या. ऊसतोडीला गुजरातकडे. ज्यांनी पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली त्यांना जावंच लागतं. घरातलं धान्य संपलेलं असतं तेव्हाच उचल दिली जाते, म्हणून नाही कोण म्हणणार?

गाडीत सामानावर बसलेल्या मुलींकडे पाहिलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघं फडात गेले की खोपीवर धाकट्याला सांभाळायला, भाकरी थापायला, पाणी भरायला कोणीतरी हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे थोरली मुलगी. मुलगा आजीजवळ मागे राहतो, मुलगी सोबत जाते. होळीला परत येते तेव्हा शाळेचं निम्मं वर्ष गेलेलं असतं. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि जिथे ती नीट चालते तिथे मुली राहतात. पण आईला आधी दिसावं लागतं की मुलगी कुठे झोपणार, रात्री कोण सोबत असणार. ती खोली अजून माझ्या कागदावर आहे.

आठ घरं मात्र थांबली. बांधकामावर मजुरी मिळणार म्हणून. रोजगार हमीचा दर सध्या २५६ रुपये आहे, आम्ही ३५० देतो, बाईला आणि पुरुषाला सारखेच, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी रोख. बँकेत टाकले तर ते काढायला धडगावला जाण्यात एक दिवस आणि जीपचं भाडं जातं.

१९ नोव्हेंबर २०२२

पाया. वर हातभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. शहाद्याहून आलेले मिस्त्री म्हणाले, "ताई, आठे खोदानं काम नही, फोडानं शे." पाषाण लागला ही चांगलीच गोष्ट आहे, पाया खोल न्यावा लागत नाही. पण संडासाचे शोषखड्डे इथे चालणार नाहीत, पाणी जिरणारच नाही. ते खालच्या अंगाला मुरूम खोल आहे तिथे हलवले. झरा वर, खड्डे खाली, त्यामुळे पाणी नासायची भीती राहिली नाही.

भिंती दगडाच्याच, दीड फुटी, सिमेंटच्या मालात. विटा शहाद्याहून आणायच्या तर चांदसैलीच्या घाटातून, आणि निम्म्या फुटून येतील. दगडी भिंतीबद्दल माझ्या मनात एक धाक आहे आणि तो मी जपते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जाडजूड दगडी भिंतींनीच माणसं गाडली. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे चुरा आणि माती, दोन्ही थरांना धरून ठेवणारा दगड नाही. हादरा बसला तशा भिंती फुगून फुटल्या. सातपुडाही निर्धोक नाही, नर्मदेच्या याच पट्ट्यात २२ मे १९९७ ला जबलपूरला भूकंप झाला.

म्हणून नियम केला. लांबीत दर चार फुटांवर आणि उंचीत दर दोन फुटांवर एक आरपार दगड, मिस्त्री ज्याला हेडर म्हणतात. एवढा लांब दगड नाल्यात कमी मिळतो, तिथे काँक्रीटचे ठोकळे ओतून घ्यायचे. हेडरच्या तोंडाला चुन्याचा ठिपका द्यायचा, म्हणजे भिंतीकडे बघूनच मोजता येतो. जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटची सलग पट्टी, कोपऱ्यात उभी सळई. कामावरच्या बायांना हे पहिल्याच दिवशी समजावलं. आज एका कोपऱ्यात ठिपका दिसला नाही, तर घमेलं खाली ठेवून एकीनं मिस्त्रींना थांबवलं. मिस्त्रींनी मुकाट्यानं दोन थर उतरवले. तिची मुलगी या शाळेत झोपणार आहे.

५ डिसेंबर २०२२

नाला उतरला, ट्रॅक्टर सुरू. तापीची वाळू, खडी, सिमेंट. सिमेंट एकदम भरायचं नाही, तीन महिने पडून राहिलं की त्याचा पाचवा हिस्सा जोर जातो. लागेल तसं आणायचं. गोण्या जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर.

२१ डिसेंबर २०२२

रात्री मोबाईलला रेंज मिळाली तेव्हा बातमी वाचली. अफगाणिस्तानात मुलींना विद्यापीठांची दारंही काल बंद झाली. सहावीनंतरच्या शाळा त्यांना २०२१ च्या सप्टेंबरपासूनच बंद आहेत. तिथल्या डोंगरदऱ्यांत गेल्या वीस वर्षांत लोकांनी वर्गणीनं, श्रमदानानं, कधी एखाद्याच्या घराच्या ओसरीत मुलींचे वर्ग उभे केले होते. भिंती अजून असतील, आत मुली नाहीत. झोप लागली नाही.

सकाळी कामावर बायांना सांगितलं. त्यांना हे खरंच वाटेना. एकीनं विचारलं, "सरकारच नको म्हणतं?" आमच्याकडे कोणी नको म्हणत नाही. कायदा बाजूनं आहे, आदिवासी मुलींसाठी योजना आहेत, आईबापांचीही ना नाही. तरीही मुलगी चौथीनंतर घरी बसते, ती वाटेतल्या नाल्यापायी, खोपीवरच्या धाकट्या भावापायी, न लागणाऱ्या दारापायी. या गोष्टी दगड-सिमेंटनं आणि थोड्या पैशानं सुटतात. मग त्या न सोडवण्याला काही सबब उरत नाही, असं दिवसभर मनात येत राहिलं. दुपारी खिडकीची पट्टी ओतली.

९ जानेवारी २०२३

थंडी कडाक्याची. डाब गावाच्या बाजूला दवबिंदू गोठल्याचं तिकडून आलेली माणसं सांगतात. सकाळी दहापर्यंत माल कालवता येत नाही.

आरोग्यसेविका आल्या होत्या. या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, बराच आहे. ज्या मुलीला तो आजार आहे तिला थंडी बाधते, पाणी कमी पडलेलं बाधतं, मग सांधे असे दुखतात की रडू आवरत नाही. त्यांच्याशी बोलून झोपायच्या खोलीत बदल केले. उत्तरेच्या खिडक्या लहान, दक्षिणेच्या मोठ्या, म्हणजे हिवाळ्याचं ऊन आत येईल. नुसते पत्रे टाकायचे नाहीत. पत्र्याखाली हातभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत. थंडी अडते, उन्हाळ्यात ताप अडतो, आणि पावसात पत्र्यावर जो ताशा वाजतो त्यात बाईंचा आवाजही बुडत नाही. तट्ट्या इथलीच माणसं विणतील, त्यांच्या घरांच्या भिंतीच त्याच्या असतात. चुलीजवळ पाणी तापवायचा बंब. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलीची रक्ततपासणी.

३० जानेवारी २०२३

पट्टीचं काम संपलं. गोणपाट भिजवून ठेवायला दोन बाया फक्त पाण्यावर.

१६ फेब्रुवारी २०२३

न्हाणीघर आणि संडास तयार. कड्या बसवताना सुतारांनी त्या नेहमीच्या उंचीवर, म्हणजे माझ्या खांद्याला धरल्या होत्या. चौथीतल्या तीन मुलींना बोलावलं. सगळ्यात ठेंगणी होती तिला आत उभं केलं आणि म्हटलं, कडी लाव. हात पोचेना. टाचा उंचावून बोटाच्या टोकानं ढकलायला गेली तर कडी खाली घसरली. मग खडू तिच्याच हातात दिला आणि हात सहज जातो तिथे रेघ मारायला सांगितलं. सगळ्या दारांवर तिच्या रेघेवर कड्या बसल्या. मग त्या तिघी बराच वेळ आत जाऊन कडी लावत होत्या, उघडत होत्या.

मागच्या अंगाला चार भिंतींचं उघडं अंगण ठेवलं आहे, वर आभाळ आणि आत दोऱ्या. पाळीचे कपडे उन्हात वाळले पाहिजेत आणि कोणाच्या नजरेला पडायला नकोत. हे अंगण कुठल्याच सरकारी नमुन्यात नव्हतं, बायांनी सांगितलं म्हणून केलं.

परवा महाशिवरात्र. याहामोगीच्या दर्शनाला देवमोगऱ्याला माणसं निघाली. काम तीन दिवस बंद.

८ मार्च २०२३

होळीतच अवकाळी आला. वारा, गारा. जिल्ह्यात गहू झोपला, आंब्याचा मोहोर गेला. आमच्या सिमेंटच्या गोण्या झोपायच्या खोलीत ताडपत्रीखाली होत्या, त्या वाचल्या. पाड्यातल्या दोन घरांची कौलं फुटली. कामावरची माणसं दोन दिवस तिकडे लावली, मजुरी आमच्याकडून.

पाऊस आला तरी होळी थांबली नाही. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासून माणसं परतत होती, काठी गावच्या होळीला तर डोंगरभरची गर्दी लोटली. कंबरेला घुंगरं बांधलेले बुध्या पहाटेपर्यंत नाचले.

ऊसतोडीहून आलेल्या आयांना आज इमारत दाखवली. त्या वर्गांकडे वळल्याच नाहीत. झोपायच्या खोलीत गेल्या, खिडकीचे गज हलवून पाहिले, कडी लावून पाहिली. विचारलं, रात्री बाई इथेच राहणार का? बाईंची खोली झोपायच्या खोलीला लागूनच आहे, मधे दार आहे, ते उघडून दाखवलं. एका आईनं तिथेच जमिनीवर बसून सांगितलं, "पुढच्या साली माझी नाही येणार फडावर."

१८ एप्रिल २०२३

आजींच्या सांगण्याप्रमाणे झरा पुन्हा मोजला. पंधरा लिटरला चार मिनिटं. म्हणजे दिवसाकाठी ५,४०० लिटर. साठ मुली आणि अख्खा पाडा.

संध्याकाळी बायांची बैठक. पाण्याचा प्रश्न पुरुषांसमोर मांडून काही होत नाही, हंडा डोक्यावर बायांच्या असतो. कोणी म्हणालं अर्धा पाइप इकडे, अर्धा तिकडे. त्यात दोन्हीकडे धार बारीक होईल आणि हंडा भरायला दुप्पट वेळ लागेल. मग एक मधल्या वयाची बाई उठली. म्हणाली, रात्री झऱ्यावर कोण येतं? कोणी नाही. मग रात्रीचं पाणी शाळेच्या टाकीत जाऊ दे, दिवसाचं पाड्याला.

सगळं एका वाक्यात मिटलं. रात्रीच्या बारा तासांत २,७०० लिटर, म्हणजे मुलीमागे ४५. उन्हाळ्यातल्या सगळ्यात वाईट महिन्याचा हा हिशेब आहे आणि मे महिन्यात शाळेला सुट्टीच असते. पाइप उतारानंच येतो, पंप नाही, वीज नाही, बिघडायला काही नाही. झऱ्याच्या तोंडाशी दोन कॉक बसवले. सूर्य मावळला की एक बंद, दुसरा चालू. किल्ली बायांच्या गटाकडे. टाकी पाच हजार लिटरची धरली होती, ती फेरोसिमेंटची दहा हजारांची करतोय, पावसाळ्यात पत्र्याचं पाणीही तिच्यात घेता येईल.

२० मे २०२३

पत्रे चढले. वळवाच्या वाऱ्यानं डोंगरातल्या शाळांचे पत्रे उडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. वारा पत्र्याला कडेनं उचलतो, मधून नाही, म्हणून वळचणीला आणि आढ्याला हूक दुपटीनं जवळ घेतले, आणि कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, छपराखालच्या पट्टीतल्या सळईला बांधल्या. परवा रात्री जोराचं वादळ झालं. सकाळी शिडी लावून प्रत्येक हूक हातानं हलवून पाहिला. एकही सैल नाही.

तट्ट्यांचं छत पूर्ण. कीड लागू नये म्हणून बांबू आधी नाल्याच्या डोहात भिजत ठेवला होता.

१५ जून २०२३

शाळा उघडली. जिल्हा परिषदेकडे कागद गेले, ताबा दिला. पाचवी ते सातवी, आठवी पुढच्या वर्षी. एका वर्गाला अजून फरशी नाही, तिथे सारवण केलं आहे. बाई दोन, दोघीही इथेच राहणार. त्यातली एक पावरी बोलते, म्हणून पहिल्या दिवसाचं रडं दुपारपर्यंत संपलं. दुसऱ्या बाईंनी पावरी शिकायला सुरुवात केली आहे, शिकवायला पाचवीतल्या मुली.

पाऊस नाही. लांबलाय.

९ जुलै २०२३

पाऊस लागला. घाटात दरड पडून रस्ता बंद झाला. तांदूळ, डाळ, तेल दीड महिन्याचं भरलेलं आहे, जळण कोरडं आहे. भाजीची अडचण होती, तर आया शेवळं आणि तांदुळका आणून देतात.

हजेरीपट पाहिला. ठरवलेल्या मुलींपैकी काही आल्याच नाहीत. घरोघर जाऊन कारण विचारलं. एका घरी आई आजारी. तीन घरी एकच उत्तर मिळालं: धाकटं कोण सांभाळणार? पाड्याला अंगणवाडी आहे ती खालच्या टोकाला, वरच्या घरांपासून अर्धा तास. तीन वर्षांचं पोर कडेवर घेऊन मुलगी शाळेच्या कुंपणाशी येते, वर्ग ऐकते आणि परत जाते. बाईंनी तिला काल पोरासकट आत घेतलं, पण हे रोज जमणार नाही.

म्हणून पुढचं काम अंगणवाडीचं. शाळेच्या आवारातच एक खोली, ओसरी आणि बारकं न्हाणीघर. कलम ३(२) मध्ये अंगणवाडीही बसते आणि आपली जागा एक हेक्टरच्या खूप आत आहे. ग्रामसभेचा ठराव याच महिन्यात घ्यायचा. पर्यवेक्षिकांशी बोलणं झालं आहे, त्यांची तयारी आहे.

दुसरं काम याहून तातडीचं. मुकादम उचल वाटायला पुढच्या महिन्यात फिरू लागतील. त्याआधी प्रत्येक घरी जाऊन मुलीचं नाव, तिच्या मागे धाकटं कोण, आजी घरी आहे का, एवढं लिहून काढायचं. बायांच्या गटातल्या दोघी सोबत येणार आहेत. उद्या नाल्यापलीकडच्या घरांपासून सुरुवात, पाणी उतरलं तर.